गाडी तापेपर्यंत

आज सकाळी पडदा सारला आणि पाहिलं, गल्लीतल्या सगळ्या गाड्यांच्या काचा पांढऱ्या झालेल्या. यंदाचं पहिलं गोठलेलं दव. खारवलेल्या चिंचेवर मीठ फुटावं तसं बारीक, खरखरीत. माझा हात आपसूक खुंटीवरच्या किल्लीकडं गेला. मग आठवलं, जायचंय कुठं? माझी बायको शालन रिटायर झालीय. आत डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपलीय आणि तिला आता उठवायची कुणाची टाप नाही. तरी मी किल्ली मुठीत धरून खिडकीशी उभाच राहिलो. सवय लागलेल्या हाताला रिटायरमेंट कळत नाही.

थंडी पडली की कुणाला शेकोटी आठवते, कुणाला हुरडा. मला इंजिन आठवतं. गार पडलेलं डिझेलचं इंजिन पहिल्यांदा सुरू होताना कसं खडखडतं, म्हाताऱ्यानं गुडघ्यावर हात ठेवून उठावं तसं. मग हळूहळू सूर धरतं. खडखड जाते, घरघर येते, घरघरीची गुरगुर होते. ती गुरगुर कानावर आली की समजायचं, आता निघायला हरकत नाही. त्याआधी नाही. हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलेलं नाही. पुस्तकांचा आणि माझा संबंध चौथीला तुटला.

मला शिकवलं बाबूमामांनी. ते माझे वस्ताद. तासगावची द्राक्षं घेऊन आम्ही ट्रकनं दिल्लीला जायचो, ऐन थंडीत. ग्वाल्हेर सोडलं की गारठा असा चावायचा की पेट्यांतली द्राक्षं बरी, निदान कागदात गुंडाळलेली असायची. पहाटे ढाब्यावर उठलो की बाबूमामा आधी इंजिन लावायचे, मग तोंड धुवायचे, मग चहा, मग बिडी, आणि मग गाडी हलायची. मी एकदा घाई केली. सुरू केली तशी रेस दिली. त्यांनी माझ्या मानेवर अशी एक ठेवून दिली की ती थंडीत अजून दुखते. म्हणाले, "गार इंजिनाला रेस देणारा आणि झोपलेल्या बापाला लाथ मारणारा, दोघं एकाच नरकात जातात."

आता यात न पटण्यासारखं काय आहे? थंडीत खोबरेल तेलाची बाटली उलटी करून बघा. थेंब पडत नाही. उन्हात ठेवावी लागते, नाहीतर गरम पाण्याच्या तांब्यात. डोक्याच्या तेलाला एवढं लागतं तर इंजिनातल्या तेलाला लागणार नाही? आमच्याकडं हे पोराबाळांना कळतं. इथं मात्र ज्याला त्याला सांगत बसावं लागतं, आणि वर लोक आपल्याकडंच दयेनं बघतात.

या गोऱ्यांच्या देशात मी शालनच्या मागं आलो. ती मिरजेला शिकलेली नर्स. परीक्षा दिली, मुलाखत दिली, आधी एकटी आली. मग मी आलो, आमच्या लेकीचं, अश्विनीचं बोट धरून. माझ्या पासपोर्टावर जो शिक्का होता त्यात मला डिपेंडंट म्हटलेलं. अर्थ विचारला तर अश्विनीच्या शाळेतल्या बाईंनी हसून सांगितला. अवलंबून असलेला. मी! हायवेवर रात्रंदिवस दहा चाकं सांभाळणारा माणूस, बायकोवर अवलंबून! तो शब्द माझ्या घशात माशाच्या काट्यासारखा बसला तो बसलाच.

आणि आमची इथली मराठी मंडळी. सगळे डॉक्टर. गणपतीला त्यांच्याकडं जायचो तेव्हा शालनला सगळे ओळखायचे, "या सिस्टर, या." मग माझ्याकडं वळून, "आणि आपण काय करता?"

"गाडी चालवतो."

"अच्छा, म्हणजे लॉजिस्टिक्समध्ये?"

"म्हणजे गाडीत."

मोदक चांगले असायचे, एवढंच.

मी लोकांची कुंपणं घालून देतो, बागेतला कचरा उचलतो, माती टाकतो. त्यासाठी पिकअप घेतलेला, मागं उघडा हौदा असलेला, डिझेलचा. पण खरं सांगायचं तर त्या पिकअपचं मोठं काम हे नव्हतंच. मोठं काम होतं शालनला सकाळच्या ड्यूटीला सोडणं. उजाडायच्या आत मी खाली जायचो. इंजिन लावायचो, हीटर पायाकडं आणि काचेकडं पूर्ण सोडायचो. डॅशबोर्डवर ज्योतिबाचा फोटो आहे, त्याच्यापुढं बटाट्याच्या फोडीत उदबत्ती खोचायचो. ती उदबत्ती जळून संपली की गाडी तापली, असा आमचा हिशेब. घड्याळ बघायचं कारण नव्हतं. मग हॉर्न न वाजवता वर बघायचो, दिवा मालवलेला दिसायचा, आणि शालन खाली यायची. दार उघडलं की आतून चंदनाचा ऊबदार भपकारा तिच्या अंगावर जायचा. ती सीटवर बसायची, "हं" म्हणायची आणि झोपायची. थेट हॉस्पिटलच्या गेटाशी उठायची. तिच्या युनिफॉर्मला चंदनाचा वास लागायचा आणि वॉर्डातले म्हातारे विचारायचे, सिस्टर, चर्चमधनं आलीस काय.

ते एक "हं" मला पुरायचं. दिवसभर मग कुणी काही म्हणो. थंडीच्या दिवसांत या घरात कोण कुणावर अवलंबून आहे, ते त्या "हं"मध्ये चोख यायचं.

जुना पिकअप हे सगळं मुकाट सोसायचा. काळा धूर सोडायचा, पण तक्रार नाही. तो गंजून गेला आणि मी त्याच्यापेक्षा बराच नवा असा दुसरा घेतला, वापरलेलाच. ती थंडी मी विसरणार नाही. त्या थंडीत माझं सगळ्यांशी वाकडं आलं. गाडीशी, लेकीशी, बायकोशी. एका म्हातारीशी मात्र वाकडं येईना, आणि त्याचाच जास्त त्रास झाला.

ती म्हातारी म्हणजे ग्वेन. आमची शेजारीण, भिंतीला भिंत लागून. आमच्या गल्लीतली घरं अशी की दार उघडलं की पाय फुटपाथवर. नवरा गेल्यापासून तिला जिना चढवेना म्हणून तिनं पलंग खालच्या पुढच्या खोलीत आणला, रस्त्याकडंच्या खिडकीशी. आणि माझी गाडी उभी राहायची ती त्याच खिडकीपुढं, कारण आमच्या दारात दिव्याचा खांब आहे. ग्वेन सगळ्यांना "लव्ह" म्हणते. पोस्टमनला लव्ह, मला लव्ह, मांजराला लव्ह. तव्यावरच्या मनुका घातलेल्या गोड टिकल्या करते आणि गरम गरम बशीतून आणून देते. शालन बशी रिकामी परत करत नाही, तिच्यातनं चकल्या जातात. असं वर्षानुवर्षं चाललेलं.

एके दिवशी संध्याकाळी शालन ड्यूटीवरून आली ती कोट न काढता उभी राहिली.

"अहो, ग्वेनच्या खिडकीकडं बघितलं का तुम्ही?"

"का? काच फुटली?"

"फटीत टॉवेल कोंबलाय. गुंडाळी करून. खालून वरपर्यंत."

"थंडी आहे. कोंबणारच."

"बाकीच्या खिडक्यांना नाहीये. तेवढ्याच खिडकीला आहे."

मी म्हटलं, तिला काही म्हणायचं असेल तर ती म्हणेल, तोंड आहे तिला. शालन म्हणाली, "ती नाही म्हणणार." आणि स्वयंपाकघरात गेली. मी टीव्हीचा आवाज वाढवला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी दुपारी अँब्युलन्स आली आणि ग्वेनला घेऊन गेली, नाकावर मास्क लावून. जाताना तिनं गल्लीला हात केला, लग्नाच्या गाडीत बसल्यासारखा. शालनचा वॉर्ड छातीच्या आजारांचा. वॉर्डातलं अक्षर ती घरी काढत नाही, तिचा तो धर्म आहे. तिनं ग्वेनचं नावसुद्धा घेतलं नाही. रात्री भांडी विसळता विसळता पाठमोरीच म्हणाली, "उद्यापासनं मी बसनं जाणार."

"का?"

"गाडी अशी चालू ठेवणार असाल तर मी तिच्यात बसणार नाही."

"अगं, मी काय माझ्यासाठी तापवतो?"

"म्हणूनच नाही बसणार."

या वाक्याचा मला फार राग आला. अजून येतो. माझ्यासाठी तापवत असतो तर बसली असतीस? तुझ्यासाठी तापवतो म्हणून नाही? पण शालन एकदा बोलली की त्यावर दुसरं बोलत नाही. नर्सा अशाच. सुई टोचतात आणि पुढच्या खाटेकडं जातात.

मग सुरू झाला तो सगळा तमाशा. मी हटलो नाही. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत खाली गेलो, इंजिन लावलं, हीटर सोडला, उदबत्ती लावली. शालन दारातनं बाहेर आली, टोपी कानावर ओढली, तापलेल्या गाडीच्या शेजारून गेली आणि कोपऱ्यावरच्या बसस्टॉपवर उभी राहिली. मी गाडीत, ती स्टॉपवर. मधे सगळी गल्ली पांढरी. बस आली, ती चढली, बस गेली. उदबत्ती अजून अर्धी उरलेली. तिसऱ्या दिवशी तेच. आठवडाभर तेच. रिकामी सीट मी ऊबदार करत होतो. देवळात दर्शनाला कुणी नसताना पुजाऱ्यानं आरती करत राहावं तसं. आणि बंद करायची तर कशी? बंद केली म्हणजे ती जिंकली. गल्लीतल्या पोरीबाळीसुद्धा शाळेला जाताना नाकावर मफलर घ्यायच्या. घ्या म्हटलं.

मग गाडीच माझ्यावर उलटली. डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला. मला वाटलं असेल काहीतरी, या नव्या गाड्यांत दिवे फार, दिवाळीसारखे. काही दिवसांनी गाडी लंगडायला लागली. चढावर दम धरेना, सायकलवाले पुढं जायला लागले. एका गिऱ्हाइकाकडं कुंपणाच्या फळ्या घेऊन निघालो तर मागं गाड्यांची रांग, जसा काही मी कुणाची मयत घेऊन चाललोय.

आमचा मेकॅनिक डॅरन, ज्याला त्याला मेट म्हणजे दोस्त म्हणणारा. हातात चहाचा मग घेऊन गाडीला यंत्र जोडलं, वाचलं आणि माझ्याकडं बघितलं.

"सकाळी किती वेळ उभी चालू ठेवतोस, मेट?"

"तापेपर्यंत."

"ती तापतच नाही अशी. उभी ठेवून मारतोयस तू तिला."

त्यानं सांगितलं ते असं. या नव्या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये एक जाळी असते, ती काजळी धरून ठेवते. गाडी रस्त्यावर जोरात पळाली, पुरेशी तापली, की ती काजळी आतल्या आत जळून जाते. उभ्या गाडीत इंजिन नुसतं धुमसतं, जाळीला हवा तेवढा ताप मिळत नाही, काजळी साठत राहते, शेवटी गाडीचं नाकच बंद होतं. "तेल नव्या जातीचं आहे, थंडीत थिजत नाही," तो म्हणाला. "काच साफ कर, सुरू कर, सावकाश निघ. इंजिन चालताना तापतं, उभं राहून नाही."

मी म्हटलं, "माझ्या वस्तादानं शिकवलंय."

"तुझा वस्ताद बरोबर होता, मेट. त्याच्या गाडीसाठी."

चुकीचा म्हणाला असता तर मी गाडी दुसऱ्या गॅरेजला नेली असती.

डॅरननं जाळी कशीबशी मोकळी केली आणि सांगितलं, आता मोटरवेवर ने, चांगली पळव. म्हणून मी एका रविवारी एकटाच ब्रिस्टलला निघालो, अश्विनीकडं. शालनला विचारलं नाही, तिनंही विचारलं नाही. पुलावर वारा असा की गाडी बाजूला ढकलली जावी. खाली खाडी, चिखलाच्या रंगाची, वर ढग. गाडी मात्र काय पळत होती! जुनं दुखणं गेलेल्या माणसासारखी. मला तिचा आनंद व्हायला पाहिजे होता. मला तिचा राग आला. एवढी वर्षं मी माझा जीव तुझ्यात ओतायचा आणि तुला पाहिजे होतं काय, तर मोकाट रस्ता.

अश्विनी विमानाच्या इंजिनांच्या कामात आहे. तिथली नुसती खुर्चीवर बसून करायची कामं. लहानपणी इथं आली, त्यामुळं तिचं मराठी आपल्या पायावर उभं राहतं पण चालताना लडखडतं.

"बाबा, तुमचा गाडी सिक होता कारण तुम्ही त्याला चालवत नव्हता. इट्स सिंपल."

"विमान तापवत नाहीत का गं तुमचं? तसंच उडवतात?"

"तापवतात. पण कुणाच्या बेडरूमच्या खिडकीपुढं नाही, बाबा."

म्हणजे आईचा फोन येऊन गेला होता. मी चहा अर्धा टाकला आणि उठलो. ती दारापर्यंत आली, "रागावू नका ना," म्हणाली, आणि डबा दिला. पोहे होते. तिच्या आईपेक्षा बरे झाले होते, पण मी कुणाला सांगितलं नाही.

परत आलो तर ग्वेन घरी आलेली. खिडकीतनं मला बघून हात हलवला, आत ये म्हणाली. गेलो. खोलीत एक मशीन घरघरत होतं, त्याची नळी तिच्या नाकाशी. टॉवेल तसाच फटीत होता, निळा, कडेला फुलं. मी तयारीनं गेलो होतो. आता ही बोलणार, मग मी बोलणार. रस्ता सगळ्यांचा आहे, मी कर भरतो, माझी बायको पहाटे कामाला जाते ती तुमच्याच माणसांची सेवा करायला. सगळं तोंडात जुळवून ठेवलेलं.

ग्वेन म्हणाली, "हॉस्पिटलात सकाळी तुझ्या गाडीचा आवाज यायचा नाही, लव्ह. मला कळायचंच नाही दिवस कधी सुरू झाला."

मी टॉवेलकडं बघितलं. माझं बघणं तिनं बघितलं आणि घाईघाईनं म्हणाली, "ते होय, वारा येतो तिथनं."

तिनं दिलेला चहा मी बसून संपवला. सांगा, अशा माणसाचं काय करायचं? ती भांडली असती तर मी जन्मभर भांडलो असतो, माझी तयारी होती. काउन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, लिहिलं असतं तर मी काउन्सिलशी भांडलो असतो. पण खोटं बोलून मला वाचवणाऱ्या म्हातारीशी कुठल्या तोंडानं भांडायचं? मी हरलो असं मी मानत नाही. समोर कुणी उभंच राहिलं नाही, त्याला हरणं म्हणत नाहीत. पण जिंकलो असंही वाटेना, आणि ती चिडचिड घेऊन मी रात्रभर कूस बदलत राहिलो.

दुसऱ्या दिवशी कडाक्याचं गोठलं होतं. मी नेहमीपेक्षा लवकर खाली गेलो. खरवडणी घेतली आणि काच खरवडायला लागलो, पुढची, मागची, बाजूच्या, आरसे. इंजिन बंद. गल्लीत दुसरा आवाज नाही, नुसतं खरर खरर. बर्फाचा भुगा बाहीत शिरत होता. बोटं आधी दुखली, मग लाकडाची झाली. मनात बाबूमामांना शिव्या घातल्या, डॅरनला घातल्या, त्या जाळीचा शोध लावणाऱ्याला घातल्या.

शालन बाहेर आली. हातात बसचा पास. थांबली. सायलेन्सरकडं बघितलं, काचेकडं बघितलं, ग्वेनच्या खिडकीकडं बघितलं.

"बंद आहे?"

"दिसत नाही?"

"बिघडली का परत?"

"बिघडायला काय धाड भरलीय. बसायचं तर बस. नाहीतर ती बघ, तुझी बस येईल."

ती बसली. "आई गं!" म्हणून ओरडली, सीट तशीच होती, दगडाची. मी किल्ली फिरवली आणि तसाच निघालो. गार इंजिन, जन्मात पहिल्यांदा. पहिल्या गिअरला गाडी कण्हली ती माझ्या छातीत कण्हली.

कोपरा वळतो तोवर आतनं काच धुरकटली. आमच्याच श्वासांनी. शालननं मफलर काढला आणि माझ्यापुढची काच पुसायला लागली.

"डावीकडं सायकलवाला आहे."

"दिसतोय."

"काही दिसत नाहीये तुम्हाला. हळू घ्या."

पुसायची, परत धुरकटायची, परत पुसायची. आणि पुसता पुसता ती बोलायला लागली. मला वाटतं गप्प बसली तर थंडी जास्त वाजेल म्हणून. नव्या पोरी कशा हुशार आहेत, पण पेशंटचा हात धरायला लाजतात. गुडघा कसा दुखतो. रिटायर झाल्यावर सकाळी काय करायचं याची तिला भीती वाटते, हे तिनं मला सिग्नलला सांगितलं, लाल दिव्याकडं बघत. मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं याच रस्त्यानं तिला नेली आणि या रस्त्यावर तिचा आवाज कधी ऐकला नव्हता. ऊब लागली की ती झोपायची. मी तिला रोज झोपलेलीच नेत होतो.

हॉस्पिटलच्या गेटात शिरलो आणि तेव्हा कुठं हीटरमधनं पहिला गरम वारा आला. शालननं दोन्ही हात त्याच्यावर धरले, बोटं ताणून. उतरेना.

"आत्ता कुठं गरम झालंय," ती म्हणाली. "बसते जराशी. राहू द्या चालू."

समोर भिंतीवर पाटी होती, गाडी उभी असेल तर इंजिन बंद करा. मी किल्ली फिरवली आणि काढून खिशात घातली.

"अहो!"

"पाटी वाच. नियम म्हणजे नियम."

तिनं माझ्याकडं असं बघितलं की दुसरा कुणी असता तर किल्ली परत लावली असती. मी लावली नाही. तीही उतरली नाही. ऊब दारांच्या फटींतनं निघून गेली, काच परत पांढरी झाली, तरी आम्ही बसूनच होतो आणि ती त्या गुडघ्याचं राहिलेलं सांगत होती. शेवटी तिला ड्यूटीला उशीर झाला. तो माझ्या हट्टामुळं झाला, असं ती आजही चारचौघांत सांगते.